काळ्या लेदर सीटचा चटका आणि भिजलेली पाठ: खान्देशातल्या उन्हाळ्यात काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही भुसावळला राहता, जुनी गाडी घेतली, आत काळ्या लेदर सीट आहेत. एप्रिल लागला की दुपारी बसताना मांड्यांना चटका बसतो आणि मुलं आत यायलाच तयार नसतात. जळगावहून धुळ्याला पोचेपर्यंत, एसी चालू असूनही, शर्ट पाठीला चिकटलेला असतो. दुकानदाराने तीन पर्याय सांगितले: वरून कापडी कव्हर, पंख्याची गादी, नाहीतर लेदर काढून कापड लावणं. यातलं काय करावं?

आधी एक गाठ सोडवू. तुमची तक्रार एक नाही, दोन आहेत. उभ्या गाडीत तापलेल्या सीटचा चटका ही पहिली. चालत्या गाडीत पाठीला येणारा घाम ही दुसरी. पहिलीचं कारण ऊन आहे आणि दुसरीचं कारण कोंडलेली हवा. पंख्याची गादी चटक्यावर फारशी कामाची नाही आणि काचेवरचा सनशेड घामावर काही करत नाही. लोक एकाच खरेदीत दोन्ही मिटवायला जातात, पैसे खर्च होतात आणि निम्मं दुखणं तसंच राहतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. गाडी दिवसभर कुठे उभी असते? रेल्वे स्टेशनच्या उघड्या पार्किंगमध्ये, की घराच्या ओट्याला लागून? मागच्या सीटवर रोज मुलं असतात की तुम्ही बहुतेक एकटेच जाता? सीटच्या बाजूला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली आहे का? आणि ते खरंच लेदर आहे का? शेवटचं आधी तपासा. कुशनच्या खालची कड किंवा मागची चेन उघडून कव्हरची उलटी बाजू बघा. विणलेलं किंवा जाळीदार कापड दिसलं तर ते रेक्झिन, म्हणजे दुकानात ज्याला लेदरेट म्हणतात ते. मखमलीसारखी तंतूंची लव दिसली तर चामडं. आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या गाड्यांत ‘लेदर सीट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक रेक्झिनच असतं. पाण्याचा थेंब टाकून बघायची युक्ती सोडा. आजकाल खऱ्या चामड्यावरही रंगाचा थर असतो, थेंब दोन्हीवर तसाच उभा राहतो.

आता चटक्याचं. ऊन काचेतून आत येतं, काळी सीट आणि डॅशबोर्ड ते शोषून तापतात, आणि तापलेल्या वस्तूंची उष्णता त्याच काचेतून सहजी बाहेर जात नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात, ३८ अंशांच्या वर गेलेल्या दिवसांत एक तास उन्हात उभ्या गाड्यांच्या सीट सरासरी ५१ अंश, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंशांपर्यंत गेले होते. सावलीतल्या गाड्यांत तेच आकडे ४१, ४२ आणि ४८ निघाले. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, त्यामुळे थेट ऊन पडलेली काळी सीट ६० च्या पुढे सहज जाते. माणसाच्या कातडीला ४४-४५ पासूनच दुखायला लागतं. ६० अंशांच्या कठीण, धातूसारख्या पृष्ठभागावर भाजायला काही सेकंद पुरतात.

कापडी सीटही तापते, मग लेदरच का भाजतं? तापलेला पत्रा आणि उन्हात टाकलेली गोधडी आठवा. गोधडीचे फक्त वरचे धागे अंगाला लागतात, मधे हवा असते. गुळगुळीत लेदर सगळ्या बाजूंनी अंगाला चिकटतं आणि साठलेली उष्णता एका दमात देतं. सीट बेल्टचं लोखंडी बकल तर याहून वाईट. लहान मुलांना त्याने पटकन भाजतं. गाडी लावताना बकल सीटच्या फटीत दाबून ठेवा किंवा वर एक पायमोजा चढवून ठेवा.

चटक्यावरचा सगळ्यात चांगला उपाय कपाटात पडलेला असतो: जुनं पांढरं धोतर. ते नसेल तर पांढरी सुती चादर. उतरताना पुढच्या दोन्ही सीटवर पाठीपासून कुशनच्या पुढच्या कडेपर्यंत पसरा, मागच्या सीटवर दुसरी. पांढरं कापड बरंचसं ऊन परत काचेबाहेर फेकतं आणि जे शोषतं ते पातळ कापडात फार साठत नाही. बसताना कापड काढलं की खालची सीट गरम लागते, पण भाजत नाही. साहेबांच्या खुर्चीवरच्या पांढऱ्या टॉवेलला आपण हसतो, पण खाली रेक्झिनची खुर्ची असेल तर त्या टॉवेलला दोन्ही कामं जमतात.

सनशेड समोरच्या काचेला हवाच. चकचकीत बाजू काचेकडे, आणि शेड काचेला टेकलेला. मधे चार बोटं फट राहिली की मधली हवा तापून कडांमधून आत पसरते. पण सनशेड मुख्यतः डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग वाचवतो. सीटवर ऊन बाजूच्या काचांतूनही येतं, आणि गाडी कोणत्या तोंडाने लावता याला इथे महत्त्व आहे. जळगाव-भुसावळ साधारण २१ अंश अक्षांशावर आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी छत तापतं, काचांतून थेट ऊन कमी येतं. सीटचं खरं नुकसान सकाळी नऊ ते अकरा पूर्वेकडून आणि दुपारी तीन ते साडेपाच पश्चिमेकडून होतं. ऑफिस सुटेपर्यंत गाडी उभी राहणार असेल तर मागची बाजू पश्चिमेला ठेवा: मागची सीट तापेल, तुमची वाचेल. मागे मुलं बसणार असतील तर उलट करा, तोंड पश्चिमेला आणि समोर सनशेड. गाडी आडवी, म्हणजे बाजूच्या काचा पश्चिमेला, हे सगळ्यात वाईट. त्या बाजूच्या दोन्ही सीट भाजून निघतात.

निंबाची सावली उत्तम, चिकट थेंब आणि पाखरांची घाण सोसायची तयारी असेल तर. घराजवळ स्वतःची जागा असेल तर केळीवाल्यांची शेडनेट वापरा, ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी, बांबू किंवा पाइपच्या सांगाड्यावर. जाळी गाडीच्या छतापासून किमान दोन फूट वर असू द्या, म्हणजे मधून वारं वाहतं. थेट गाडीवर पांघरली तर रंगावर घासते आणि उष्णताही कोंडते. काचा बोटभर उघड्या ठेवायचा सल्ला सगळे देतात. त्याने आतली हवा थोडी हलते, सीट थंड होत नाही, आणि धुळ्याकडच्या वाऱ्यात संध्याकाळपर्यंत आत मातीचा थर बसतो. मी तरी तो देत नाही.

आता गाडीत बसण्याचा क्रम. इथे आपला कोरडा उन्हाळा मदतीला येतो, आणि मुंबईच्या लोकांचे सल्ले इथे अपुरे का पडतात तेही कळतं. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाणं नेहमीचंच आहे. अशा हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. सीटवरही तेच करा.

डाव्या बाजूची मागची काच खाली करा. मग ड्रायव्हरचं दार पाच-सहा वेळा पंख्यासारखं उघड-मीट करा, आपटू नका. तापलेली हवा त्या उघड्या मागच्या खिडकीतून बाहेर ढकलली जाते. मग रुमालाएवढं सुती फडकं भिजवून, थेंब गळणार नाही इतकं पिळून, कुशन आणि पाठ दोनदा पुसा. एका सीटच्या लेदरचं वजन धरून हिशोब केला तर वरचा थर वीसेक अंश उतरवायला जेमतेम १५ मिली पाणी उडावं लागतं. अर्धी उष्णता हवेतून घेतली गेली असं धरलं तरी ३०-४० मिली, म्हणजे अर्ध्या कपापेक्षाही कमी. बाटली गाडीतच राहून पाणी गरम झालं असेल तरी चालतं, कारण गारवा पाण्याच्या थंडपणामुळे नाही, ते उडण्यामुळे येतो. दारं उघडी ठेवून एक मिनिट थांबा. बोट लावल्यावर ओल लागली नाही की बसा. स्टिअरिंग आणि गिअरची मूठही याच फडक्याने पुसा.

यात दोन चुका होतात. काच लावून पुसलं तर वाफ आतच राहते आणि गाडी न्हाणीघरासारखी होते. आणि फडकं ओलंकच्च असेल तर छिद्रांच्या सीटमध्ये पाणी आत फोममध्ये जातं, चार दिवसांनी वास येतो. जून लागून पाऊस पडला की ही युक्ती बंद करा, दमट हवेत ओल सुकत नाही.

मग इंजिन सुरू करून चारही काचा खाली, एसी चालू, ब्लोअर पूर्ण, आणि बाहेरची हवा आत घेण्याचं बटण. असंच अर्धा-पाऊण किलोमीटर चला. आत ५०-५५ अंशांची हवा असते, बाहेर ४४. बाहेरची हवाच थंड म्हणायची वेळ असते. ती आत भरली की काचा लावा आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. बसल्याबसल्या काचा लावून आतली हवा फिरवली तर एसी त्याच भट्टीशी झगडत राहतो.

लेदरवर ‘कूलिंग स्प्रे’, खोबरेल तेल किंवा चकाकणारी पॉलिश मारू नका. तेलाचा थर धूळ धरतो, ऊन लागलं की चिकट होतो आणि कपड्यांना डाग देतो. रेक्झिनला कंडिशनर पाजण्यात अर्थ नाही, ते आत शिरतच नाही. एक लिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा लहान मुलांचा शाम्पू, मऊ कापडाने महिन्यातून एकदा पुसणं, लगेच साध्या पाण्याने आणि मग कोरड्या कापडाने पुसणं, एवढं पुरतं. घाम आणि ऊन मिळून रेक्झिन कडक करतात, मग शिलाईजवळ ते फुटतं. खरं चामडं असेल तर तीन महिन्यांनी एकदा पाण्यात मिसळणारं कंडिशनर लावा, प्रत्येक सीटला चमचाभर, कापडावर घेऊन, संध्याकाळी सीट गार झाल्यावर. थेट सीटवर ओतलं तर छिद्रं बुजतात.

काचेवरच्या फिल्मबद्दल लोक विचारतात, म्हणून तेही सांगतो. नियमाप्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर फिल्म लावायला मनाई केली. १ एप्रिल २०२१ पासून नियम बदलला, आणि त्या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रकाशाच्या मर्यादेत बसणारी फिल्म चालते असं म्हटलं. तरी रस्त्यावर पोलीस अडवू शकतात, हे धरून चला. आणि दुकानातला गुणाकार स्वतः करा. कंपनीची बाजूची काच समजा ७५ टक्के प्रकाश सोडते. वर ७० टक्क्यांची फिल्म लावली तर एकूण ५२-५३ टक्के राहतं, नियमात बसतं. ६० ची लावली तर ४५ वर येतं, आणि दंड तुमचा, दुकानदाराचा नाही. चटक्यासाठी काळेपणा नको, इन्फ्रारेड, म्हणजे उन्हातले न दिसणारे उष्ण किरण, अडवणारी पारदर्शक सिरॅमिक फिल्म हवी. ती महाग पडते. जाळीचे चुंबकी पडदे गाडी उभी असताना लावा, चालवताना काढा.

आता दुसरी तक्रार, घाम. शांत बसलेलं माणसाचं शरीरही साधारण १०० वॅटच्या बल्बइतकी उष्णता टाकत असतं. पाठ, कंबर आणि मांड्यांची मागची बाजू लेदरला चिकटली की तिथला घाम उडू शकत नाही. समोर एसी कितीही मारा, तो छातीला लागतो, पाठीला नाही. म्हणून एसी आणखी कमी तापमानावर नेऊन उपयोग होत नाही. सर्दी होते, पाठ भिजलेलीच. पाठीमागे हवेला वाट हवी. एसीची हवा कोरडी असते, वाट मिळाली तर घाम टिकत नाही.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे सुती पंचा. तो घाम ओढून पसरवतो, कडांवर सुकवतो. दोन जवळ ठेवा, धुळ्याला पोचल्यावर बदला. टर्किश टॉवेल जाड असतो, दीड तासाने ओला होऊन बसतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे मण्यांची गादी, ट्रक-टॅक्सीवाले वापरतात ती. मण्यांमधून हवा फिरते, पाठ कोरडी राहते. पण मणी लेदरवर खळगे उमटवतात आणि दोन तासांनी कंबरेला टोचतात. माझ्या मते लांबच्या प्रवासाला जाळीदार फोमचा तुकडा बरा, १० ते १२ मिलिमीटर जाडीचा, दाबला तरी न चेपणारा. घेताना अंगठ्याने दाबून बघा. पूर्ण बसला तर हवेची वाट बंद, पैसे फुकट. जेलची गादी टाळा. सुरुवातीला गार लागते, मग उष्णता धरून बसते, आणि उन्हात राहिलेली जेलची गादी लेदरपेक्षा जास्त भाजते.

पंख्याच्या गादीबद्दल. ती थंड करत नाही, जी हवा ओढते तीच तुमच्या पाठीमागे फिरवते. पंखा बहुतेक गाद्यांत पुढच्या कडेला असतो. एसीची एक झोत पायांकडे वळवली तर त्याला गार हवा मिळते. न वळवल्यास पायाजवळची गरम हवा तो पाठीवर फुंकतो आणि ‘पंखा कामाचा नाही’ असं वाटतं. तिची वायर १२ व्होल्टच्या सॉकेटमधून येते. त्याच सॉकेटला जोडणी करून चार्जर आणि हवा भरायचा पंप एकदम लावू नका, फ्यूज जातो. गादीमुळे उंचीही दोन-तीन सेंटिमीटर वाढते, म्हणून आरसे आणि सीट पुन्हा जुळवा. आवाज असतोच.

एसीच कमी पडत असेल तर वरचं सगळं अर्धवट राहील. आपल्याकडे समोरच्या जाळीमागे कंडेन्सरवर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, कापसाचे पुंजके आणि धूळ बसते. तो आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पातळ पात्या वाकतात. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, कंपनी सांगते त्याच्या आधीच बदला, उन्हाळा लागायच्या आत एकदा तरी. फिल्टर तुंबला की ब्लोअर पूर्ण असूनही झोत मंद येते, आणि लोक गॅस भरून घेतात.

गाडीत कंपनीच्याच हवेशीर सीट असतील, म्हणजे छिद्रांखाली पंखा असेल, तर वरून काहीही टाकू नका, धोतरही गाडी सुरू झाल्यावर काढा. सीटखाली पिशव्या कोंबू नका, पंख्याची हवा तिथूनच ये-जा करते. तुमची सीट हवा ओढते की फुंकते ते टिश्यू पेपरचा तुकडा छिद्रांवर धरून कळतं. फुंकणारी असेल तर गाडीतली हवा गार होईपर्यंत, चार-पाच मिनिटं, बंद ठेवा, नाहीतर सीटखालची गरम हवा पाठीवर येते.

शेवटी तुमचे तीन पर्याय. बाजारातलं तयार कव्हर घेण्याआधी सीटची बाहेरची कड बघा. एअरबॅगची चिठ्ठी असेल तर ती बाजू झाकणारं साधं कव्हर घालू नका. अपघातात एअरबॅग त्या शिलाईतून फुटून बाहेर येते आणि वरचं घट्ट कव्हर तिला अडवतं. फार तर एअरबॅगसाठी ठरावीक कमकुवत शिलाई असलेलं कव्हर चालतं, आणि ते त्याच मॉडेलचं हवं. नुसता कुशन आणि पाठीचा मधला भाग झाकणारा पंचा किंवा जाळी यात अडत नाही. पंख्याची गादी तुमच्या धुळ्याच्या फेऱ्या आठवड्यात दोन-तीन असतील तरच घ्या, रोजच्या गावातल्या चार किलोमीटरला नाही.

लेदर पूर्ण काढू नका. कारागिराला सांगून फक्त बसण्याची मधली पट्टी, कुशनची आणि पाठीची, कापडाची करून घ्या. कडा लेदरच्या राहू द्या, त्या जास्त झिजतात आणि लेदर तिथे टिकतं. कापड फिकट राखाडी किंवा बदामी, मागे प्लास्टिकचा थर नसलेलं. हे आधी तपासा: कापडाच्या मागून तोंडाने फुंकून बघा, हवा पार गेली पाहिजे. कारागीर फोम आणि कापड यांमध्ये पातळ रेक्झिन किंवा पिशवीचा कागद टाकतो, घडी नीट बसते म्हणून. तो टाकू देऊ नका, नाहीतर कापड बदलूनही पाठ भिजेल. सीट उघडताना पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्या ओढू नयेत, बॅटरी आधी सोडावी आणि काही मिनिटं थांबून मगच हात लावावा. बाजूची शिलाई उघडायला लागत असेल तर काम थांबवा आणि मधली पट्टी तेवढीच करा.

आणि मुलांना काच लावलेल्या गाडीत दोन मिनिटांसाठीसुद्धा सोडून दुकानात जाऊ नका. आतलं तापमान बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच चढून जातं, आणि लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर तापतं.